चारा एकीकडं, पाणी दुसरीकडं आणि मधे उंट

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात ज्यानं मेंढरं राखलीयत त्याला हे वेगळं सांगायला नको की दुष्काळात जनावरापुढं दोन अडचणी असतात आणि त्या एका जागी नसतात. जिथं पाणी असतं, मग तो पाझर तलाव असो नाहीतर टँकर रिकामा करायची जागा, तिथला चारा आधी संपतो, कारण सगळ्या गावाची जनावरं तिथंच गोळा झालेली असतात, आणि जिथं अजून थोडाफार पाला आणि कुसळी गवत शिल्लक असतं तिथं प्यायला थेंब नसतो. मग मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादून नदीकाठाकडं नाहीतर कोकणाकडं निघतो, गाईम्हशीवाला चारा छावणीत जातो, म्हणजे पाणी टँकरनं आणि चारा ट्रकनं एका जागी आणला तेव्हा कुठं जनावर जगतं. वाळवंटात हीच परिस्थिती दरवर्षी असते, चांगल्या वर्षीसुद्धा असते, आणि तिथं टँकर, ट्रक यायच्या आधी कितीतरी पिढ्या माणसं राहिली, पोरंबाळं वाढवली, व्यापार केला. हे जमलं ते उंटामुळं. कसं जमलं ते जरा नीट सांगतो, कारण उंट म्हणजे वाळवंटातलं जहाज एवढं एक वाक्य आपल्याला पाठ असतं आणि त्याच्या पुढं सहसा कुणी जात नाही.

आधी एक साधं गणित बघा. उन्हाळ्यात गाईला रोज पाणी लागतं, त्यामुळं ती पाणवठ्यापासून सात-आठ किलोमीटर लांब गेली तरी परत यायलाच हवी. पाणवठा मधे धरून ८ किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर साधारण २०० चौरस किलोमीटर जमीन हाताला लागते. उंटाला कडक उन्हाळ्यातही काही दिवस पाणी नसलं तरी चालतं, हिवाळ्यात ओला पाला मिळाला तर आठवडेच्या आठवडे चालतं, आणि दिवसाला २५-३० किलोमीटर चालणं ही त्याच्यासाठी रोजची गोष्ट. तेव्हा तो ४० किलोमीटर लांब गेला तरी बिघडत नाही. ४० किलोमीटरचं वर्तुळ काढा, ५००० चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे आपला सातारा जिल्हा जवळजवळ अर्धा. अंतर पाचपट वाढलं पण चरायची जमीन पंचवीसपट वाढली, आणि वाळवंटात एकेका झुडपात शंभर पावलांचं अंतर असतं तिथं ही पंचवीसपट जमीन म्हणजेच जगणं. माझ्या मते उंटाचा माणसाला झालेला सगळ्यात मोठा उपयोग हाच, ओझं आणि सवारी नंतर येते.

आता तो एवढे दिवस पाण्याशिवाय राहतो कसा. कुबडात पाणी असतं म्हणून, हे उत्तर चुकीचं आहे. कुबडात चरबी असते, चांगल्या पोसलेल्या उंटाच्या कुबडात ती ३०-३५ किलोपर्यंत जाते, आणि खायला नसलं की उंट ती वापरतो, मग कुबड ढिलं पडून एका बाजूला कलतं. चरबी जळताना शरीरात थोडं पाणी तयार होतं हे खरं, पण ती जाळायला जो जास्तीचा श्वास घ्यावा लागतो त्यातून कोरड्या हवेत जवळजवळ तेवढंच पाणी उडून जातं, म्हणजे पाण्याच्या हिशोबात फायदा काही नाही. फायदा वेगळा आहे. बाकीच्या जनावरांसारखी ही चरबी अंगभर कातड्याखाली पसरली असती तर उंट आतल्या आत उकडून निघाला असता, ती एका जागी पाठीवर गोळा झाल्यामुळं बाकीचं अंग उष्णता बाहेर टाकायला मोकळं राहतं.

पाणी साठवायची वेगळी टाकी उंटाकडं नाहीच. त्याची करामत सगळी खर्चात आहे. जनावराच्या अंगातून पाणी जातं ते घामातून, श्वासातून, लघवीतून आणि शेणातून, आणि या प्रत्येक ठिकाणी उंटानं हात आखडता घेतलाय. यातलं बरंच आपल्याला कळलं ते नॉर्वेत जन्मलेल्या क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञामुळं, ते १९५३-५४ साली अल्जेरियातल्या सहारात बेनी अब्बेस नावाच्या ओॲसिसवर जाऊन राहिले आणि तिथं त्यांनी उंटांची वजनं, तापमान, पाणी सगळं मोजून काढलं.

घामाचं आधी सांगतो, कारण सगळ्यात जास्त बचत तिथं आहे. आपलं अंग ३७ डिग्रीला धरून बसलेलं असतं, जरा वर गेलं की घाम सुटतो. तहानलेला उंट असं करत नाही. रात्री तो अंग थंड होऊ देतो, पहाटे ३४ डिग्रीपर्यंत उतरतं, आणि दिवसभर उन्हात ते हळूहळू वर चढू देतो, ४१ च्या आसपास पोचेपर्यंत घामाला हातच घालत नाही. ५०० किलोच्या उंटाचं अंग सहा-सात डिग्रीनं तापायला जेवढी उष्णता लागते तेवढी घाम गाळून बाहेर टाकायची म्हटली तर सुमारे पाच लिटर पाणी गेलं असतं. ते पाच लिटर दररोज वाचतात. साठवलेली उष्णता रात्री थंड वाऱ्यात फुकटात निघून जाते. शिवाय अंग बाहेरच्या हवेइतकंच तापलं की बाहेरची उष्णता आत घुसायचा वेगही कमी होतो, म्हणजे दुहेरी फायदा. मजा म्हणजे हाच उंट रोज पाणी पीत असेल तर तो हा सगळा खटाटोप करत नाही, त्याचं तापमान दिवसभरात दोनेक डिग्रीच हलतं. जेव्हा तंगी असते तेव्हाच काटकसर.

त्याच्या अंगावरचे केस बघून वाटतं एवढ्या उन्हात हे कशाला, पण ते हवेच असतात. भर दुपारी पाठीवरच्या केसांचा वरचा थर ७० डिग्रीपर्यंत तापतो आणि खाली कातडं ४० च्या आसपास असतं. श्मिट-नील्सननी एका उंटाची लोकर कातरून बघितली तर त्याचा पाण्याचा खर्च दीडपट झाला. आणि घाम येतो तोही केसांच्या टोकावर ओघळून वाया जात नाही, कातड्यावरच सुकतो, त्यामुळं जेवढा गाळला तेवढ्याचा थंडावा पुरेपूर मिळतो.

श्वासाची गोष्ट तर मला फार आवडते. उंटाच्या नाकात आत गुंडाळ्या गुंडाळ्या असलेले पातळ पडदे असतात. कोरडी हवा आत जाताना ते पडदे थंड आणि कोरडे होतात, आणि फुप्फुसातून ओली गरम हवा परत येताना त्या थंड पडद्यांना लागते आणि तिच्यातला ओलावा तिथंच सुटतो, आपण गार पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला की बाहेरून थेंब जमतात ना, तसं. रात्रीच्या गारव्यात श्वासातून जाणारं निम्म्याहून जास्त पाणी असं परत मिळतं. लघवी दाट, समुद्राच्या पाण्यापेक्षा खारट, आणि पाण्याची ओढ असली की दिवसाला लिटरभराच्या आसपास. चारा निकस असला तर लघवीतून जाणारा युरियासुद्धा तो परत पोटाकडं वळवतो आणि पोटातले जंतू त्यापासून प्रथिनं बनवतात. लेंड्या एवढ्या कोरड्या की त्या वाळवाव्या लागत नाहीत, पडल्या की उचलून चुलीत, आणि जिथं मैलोन्‌मैल झाड नाही तिथं स्वयंपाक त्याच्यावरच होतो.

तरीही पाणी कमी होतंच. माणसाच्या अंगातलं वजनाच्या १०-१२ टक्के पाणी गेलं की जीव धोक्यात येतो, कारण रक्त दाट होतं आणि हृदयाला ते ढकलता येत नाही. उंटाचं २५ टक्के वजन उतरलं तरी तो चालतो, फासळ्या दिसायला लागतात, डोळे खोल जातात, पण रक्त पातळच राहतं कारण पाणी आधी पोटातलं आणि मांसातलं कमी होतं, रक्तातलं शेवटी. आणि मग तो पाण्यावर पोचला की दहा-पंधरा मिनिटांत १०० लिटर पिऊन टाकतो. इथं एक गोष्ट जनावरं पाळणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. बराच वेळ तहानलेल्या वासराला एकदम भरमसाट पाणी पाजलं तर कधीकधी लघवी लाल होते, कारण रक्त अचानक पातळ झालं की तांबड्या पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. उंटाच्या तांबड्या पेशी आपल्यासारख्या गोल चकतीच्या नसतात, लंबगोल असतात, आणि मूळ आकाराच्या दुपटीहून जास्त फुगल्या तरी फुटत नाहीत. हे नसतं तर बाकीची सगळी काटकसर करून पाण्यावर पोचलेला उंट पाणी पिऊन मेला असता.

हे झालं पाण्याचं. चाऱ्याचं काय, तर वाळवंटात जे उगवतं ते बहुतेक काटेरी नाहीतर खारट, आणि उंट दोन्ही खातो. यात्रेत पोरांना पाठीवर फिरवणारा उंट येतो ना, तो सुटीला बाभळीखाली बांधलेला असताना जवळ उभं राहून बघा. वरचा ओठ मधे चिरलेला असतो आणि दोन्ही भाग वेगवेगळे हलतात, बोटांनी चाचपल्यासारखे, त्यानं तो फांदीवर पाला कुठाय ते शोधतो, मग फांदी दातात धरून मान मागं घेतो. काटा तोंडात गेला तरी काही होत नाही कारण गालाच्या आतून टणक, घशाकडं वळलेले उंचवटे असतात, त्यामुळं काटा रुतत नाही, आडवा होऊन आत सरकतो. आपल्या माळावर निळसर गोल बोंडांचा उंटकटारा उगवतो, ज्याला शेळीही नाखुशीनंच तोंड लावते, तोसुद्धा तो चवीनं खातो. आणि एका झुडपाचे चार घास घेतले की पुढं सरकतो, एकाच जागी उभं राहून मुळापर्यंत खात नाही. पायाला खूर नाही, मऊ रुंद गादी आहे, त्यामुळं जमीनही उखडत नाही. राजस्थानात खेजडी, म्हणजे आपली शमी, आणि केर, फोग, लाणा असल्या झाडाझुडपांवर उंट जगतो आणि ती झुडपंही जगतात.

यातून माणसाला काय मिळतं तर पहिलं दूध. उंटीण साधारण १३ महिने गाभण राहते, एकच पिल्लू देते, आणि नंतर वर्ष-दीड वर्ष दूध देते, चांगली असली तर दिवसाला पाच-सहा लिटर. पिल्लू जवळ असल्याशिवाय पान्हा सोडत नाही, त्यामुळं आधी पिल्लाला लावायचं आणि मग एका बाजूनं पिल्लू आणि दुसऱ्या बाजूनं माणूस, एका पायावर उभं राहून दुसऱ्या मांडीवर भांडं टेकवून, असं काढतात, कारण सड उंचावर असतात. दुष्काळात गाय पहिल्यांदा दूध आटवते, उंटीण आटवत नाही. उलट तिला स्वतःला पाणी कमी मिळत असताना तिच्या दुधात पाण्याचा भाग वाढतो आणि चरबी कमी होते, म्हणजे ती स्वतः तहानलेली राहून पिल्लाला पाणी पाजते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच्यावरच विचार करत होतो. या दुधात क जीवनसत्त्व गाईच्या दुधाच्या साधारण तिप्पट असतं, आणि ज्या मुलखात भाजीपाला, फळं कित्येक महिने दिसत नाहीत तिथं ही फार मोठी गोष्ट. दही मात्र नीट लागत नाही, सैलच राहतं. आणि ते कच्चं पिऊ नये, उकळूनच प्यावं, २०१२ मध्ये सौदी अरेबियात पहिल्यांदा सापडलेला मर्स हा श्वसनाचा आजार उंटांकडून माणसात येतो हे आता पक्कं माहीत आहे.

दुसरं म्हणजे ओझं. दीडशे-दोनशे किलो पाठीवर घेऊन तो दिवसच्या दिवस चालतो आणि त्याला रस्ता लागत नाही. ही रस्ता न लागण्याची गोष्ट एवढी मोठी ठरली की अरबस्तान, इराण, उत्तर आफ्रिका या भागात चाकाची गाडी माहीत असूनसुद्धा कित्येक शतकं मागं पडली, कारण गाडीला रस्ता, पूल, बैल, बैलाला रोज पाणी, आणि उंटाला यातलं काहीच नाही. मालीमधल्या ताउदेनीच्या खाणीतून टिंबक्टूपर्यंत मिठाच्या लाद्या उंटांवरून यायच्या, अंतर ७०० किलोमीटरच्या आसपास, एकेका उंटावर चार लाद्या, आणि आता ट्रक आले तरी ती वाट पूर्ण बंद पडलेली नाही. आपल्याकडंही मराठेशाहीत तातडीची पत्रं घेऊन सांडणीस्वार धावायचे आणि लष्कराचं सामान उंटांवरून जायचं. बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांची गंगा रिसाला ही उंटांची फौज पहिल्या महायुद्धात इजिप्तमध्ये सुएझ कालव्याच्या बाजूला लढली आणि आजही बीएसएफ राजस्थान, गुजरातच्या सीमेवर उंटांवरून गस्त घालतं.

एक गोष्ट वाचकांना नवल वाटेल अशी. उंट मुळात वाळवंटातला नाहीच. त्याचे पूर्वज उत्तर अमेरिकेत सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वी होते, तिथून काही आशियात आले आणि काही दक्षिण अमेरिकेत जाऊन लामा नावाची जनावरं झाले. कॅनडाच्या पार उत्तरेला एल्समीर बेटावर ३५ लाख वर्षांपूर्वीच्या एका भल्या मोठ्या उंटाच्या पायाचं हाड सापडलंय, तेव्हा तिथं जंगल होतं आणि हिवाळ्यात सहा-सहा महिने काळोख आणि बर्फ. त्यामुळं काही शास्त्रज्ञांना वाटतं की चरबीचं कुबड आणि रुंद पाऊल या गोष्टी आधी बर्फासाठी आल्या आणि वाळूत त्या कामाला लागल्या. मंगोलियातला दोन कुबडांचा उंट बघितला की हे पटतं, तो उणे ४० च्या थंडीतही उभा असतो आणि तहान लागली की बर्फ खातो.

आता आपल्या देशातली परिस्थिती, आणि इथं मला खरंच वाईट वाटतं. नव्वदीच्या सुरुवातीला भारतात दहा लाखांच्या वर उंट होते. २०१२ च्या पशुगणनेत चार लाख उरले आणि २०१९ च्या गणनेत अडीच लाख, त्यातले बहुतेक राजस्थानात. रस्ते झाले, पिकअप आल्या, ट्रॅक्टर आले, गोचर आणि ओरण म्हणजे गावाच्या नाहीतर देवाच्या नावानं राखलेली चराऊ रानं कमी झाली, कालव्याखाली शेती आली. राजस्थान सरकारनं २०१४ मध्ये उंटाला राज्यप्राणी केलं आणि २०१५ मध्ये कायदा करून कत्तल बंद केली आणि राज्याबाहेर नेण्यावर बंधनं घातली, हेतू चांगलाच होता, पण पिढ्यान्‌पिढ्या उंट पाळणाऱ्या रायका समाजाची नर उंट विकून होणारी कमाईच त्यामुळं बसली, आणि ज्या जनावरातून पैसा येत नाही ते पुढची पिढी कशाला पाळेल. मला वाटतं उंट वाचायचा असेल तर तो पाळणाऱ्याच्या घरात पैसा यायला हवा आणि त्याच्या चरायच्या जागा राहायला हव्यात, दुसरा रस्ता नाही. दुधात थोडी आशा दिसते. २०१६ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं उंटाच्या दुधाचे निकष ठरवले आणि २०१९ मध्ये अमूलनं कच्छच्या उंटपाळांचं दूध बाटलीत भरून बाजारात आणलं. त्याच कच्छमध्ये खराई नावाचा उंट आहे, जो खाडीत पोहत जाऊन बेटांवरची खारफुटी चरतो, २०१५ मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद झाली, पण खारफुटी तुटली तर तो काय खाणार हा प्रश्न तसाच आहे.

कुणीतरी विचारतंच, मग माण-जतला उंट का पाळू नये, दुष्काळी भागच आहे. मला ते बरोबर वाटत नाही. आपल्याकडं पाऊस कमी पडला तरी चार-पाचशे मिलिमीटर पडतो, थरच्या वाळवंटाच्या पश्चिम टोकाला जैसलमेरकडं त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. पावसाळ्यात आपली काळी माती ओली झाली की उंटाची गुळगुळीत गादी घसरते, पाय फाकतात आणि एवढं उंच जनावर पडलं की उठणं अवघड. दमट हवेत रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या वाढतात आणि त्यांच्या चावण्यातून सर्रा पसरतो, तो रक्तातल्या परजीवीचा रोग, राजस्थानात त्याला तिबरसा म्हणतात, उंट त्यात महिनोन्‌महिने झिजत जातो. आणि आता टेंभू, उरमोडी, म्हैसाळ या सिंचन योजनांचं पाणी जसजसं पुढं सरकतंय तसा तो भाग उंटाला आणखीच गैरसोयीचा होतोय. आपल्या पट्ट्याला माडग्याळी मेंढी आणि खिलार आहे, ती इथल्या मातीत तयार झालीयत, तीच बरी.

जो उंट आपल्या गावात यात्रेला येतो त्याचं मात्र थोडं बघता येईल. तो बसताना नीट बघा, आधी पुढचे गुडघे टेकतो, मग मागचे पाय दुमडतो, मग पुन्हा पुढं सरकून छाती टेकवतो, आणि छातीखाली एक जाड घट्टा असतो त्याच्यावर सगळं वजन येतं, पोट जमिनीपासून वर राहतं आणि खालून हवा खेळते. हे वाळूवर ठीक आहे, पण दुपारच्या तापलेल्या डांबरावर तो घट्टा आणि गुडघे सोलवटतात. उंटवाल्याला मोकळी मातीची, सावलीची जागा द्या, रोज पाणी द्या, कारण इथं पाणी असताना त्याला तहानेवर ठेवायचं काहीच कारण नाही, आणि जमलं तर मूठ-दोन मूठ खडे मीठ द्या, त्याला मिठाची गरज गाईबैलांपेक्षा बरीच जास्त असते आणि आपल्याकडच्या पाल्यात ते मिळत नाही.